कृत्रिम हिऱ्याचे प्रकाशीय गुणधर्म आणि तापमान

विषयाचे स्वरूप

रसायनशास्त्राच्या दृष्टीने हिरा म्हणजे केवळ कार्बन. त्याच्या स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजारी अणूंशी समचतुष्फलकाच्या कोनांनी जोडलेला असतो. ही रचना ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. इतक्या साध्या घडणीच्या पदार्थाचे प्रकाशीय गुणधर्म एकदाच मोजून कोष्टकात कायमचे नोंदवून ठेवता यावेत, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात मात्र दोन हिरे क्वचितच सारखे निघाले. रॉबर्टसन, फॉक्स व मार्टिन यांनी १९३४ मध्ये हिऱ्यांचे दोन प्रकार असल्याचे दाखवून दिले. पहिल्या प्रकारचे हिरे सुमारे ३०० नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश अडवितात व अवरक्त वर्णपटात ८ मायक्रॉनच्या आसपास त्यांचे ठळक शोषण आढळते. दुसऱ्या प्रकारच्या हिऱ्यांत हे शोषण नसते आणि जंबुपारातही ते थेट २२५ नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक असतात.

या भेदाचे कारण काय, या प्रश्नावर भारतातही मोठे काम झाले. हिऱ्याची १३३२ प्रति सेंटिमीटर ही रामन रेषा सी. रामस्वामी यांनी १९३० मध्ये नोंदविली होती. पुढे बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत नायर, अ‍ॅना मणी, कृष्णन, रामचंद्रन आदी संशोधकांनी हिऱ्याचा प्रकाशाशी असलेला संबंध अनेक अंगांनी तपासला. अ‍ॅना मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट घेतले. त्यासाठी हिरा द्रवरूप हवेच्या तापमानाला ठेवून, मंद दीप्तीच्या नमुन्यांसाठी छायापट्टिका पंधरा-वीस तास उघडी ठेवावी लागे. हे प्रयोग अत्यंत काटेकोर होते. त्यांतून रामन यांनी काढलेला निष्कर्ष असा, की हिऱ्याची स्फटिकरचनाच एकाहून अधिक प्रकारची असून काही हिऱ्यांत सममिती पूर्ण अष्टफलकीय, तर काहींत केवळ चतुष्फलकीय असते. कॅथलीन लॉन्सडेल यांच्यासारख्या स्फटिकशास्त्रज्ञांना तो मान्य झाला नाही.

हा वाद त्या वेळी निर्णायकपणे सुटणे कठीण होते, कारण नमुने निसर्गाने घडविलेले होते. कोणत्या हिऱ्यात कोणते परके अणू किती आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मोजलेल्या वर्णपटातील कोणता भाग कार्बनच्या जालकाचा आणि कोणता पाहुण्या अणूंचा, हे वेगळे करावयाचे तर दोन साधने हवीत: घटकांवर ताबा असलेला स्फटिक आणि हवे तसे बदलता येणारे तापमान. पहिले साधन कृत्रिम हिऱ्याने पुरविले. दुसऱ्याचा उपयोग कसा होतो, याचे विवेचन पुढे केले आहे.

कृत्रिम हिऱ्याच्या दोन रीती

स्वीडनमधील आसिया कंपनीने १९५३ मध्ये व अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेने डिसेंबर १९५४ मध्ये प्रयोगशाळेत हिरा तयार केला. स्वीडनचे यश त्या वेळी प्रसिद्ध झाले नाही, अमेरिकेचे फेब्रुवारी १९५५ मध्ये जाहीर झाले. या रीतीत लोह, निकेल किंवा कोबाल्ट यांच्या वितळलेल्या रसात कार्बन विरघळवून सुमारे ५० ते ६० हजार वातावरणांइतक्या दाबाखाली व १३०० ते १६०० अंश सेल्सिअस तापमानाला तो हिऱ्याच्या रूपाने स्फटिकित करतात. दुसऱ्या रीतीत मिथेन व हायड्रोजन यांच्या मिश्रणाचे विघटन करून, वातावरणाहूनही कमी दाबाखाली, ७०० ते १००० अंशांच्या आसपास तापविलेल्या तबकडीवर हिऱ्याचे थर वाढवितात. पहिली उच्चदाबाची व दुसरी बाष्पनिक्षेपाची रीत म्हणता येईल.

प्रकाशीय दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की दोन्ही रीतींत पाहुणे अणू निवडता येतात. उच्चदाबाच्या कुपीत हवेतील नायट्रोजन राहू दिला तर हिरा पिवळा होतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा टायटॅनियम घालून तो नायट्रोजन बांधून टाकला तर हिरा रंगहीन होतो. त्यातच बोरॉन घातला तर निळा होतो. इतकेच नव्हे, तर कार्बनचा समस्थानिकही निवडता येतो.

हिऱ्याच्या दृष्टीने ‘गरम’ म्हणजे काय

तापमानाचा परिणाम मुख्यतः जालकाच्या कंपनांमार्फत होतो. कार्बनचा अणू हलका आणि बंध अत्यंत ताठ असल्याने ही कंपने असामान्य वेगाची असतात. रामन रेषेशी निगडित असलेल्या कंपनाचा क्वांटम, म्हणजेच फोनॉन, ०.१६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा असतो. खोलीच्या तापमानाला (३०० केल्व्हिन) उष्णीय ऊर्जेचे माप केवळ ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. बोस-आइन्स्टाइन नियमाने हिशोब केल्यास त्या तापमानाला अशा प्रत्येक कंपनप्रकारात सरासरी ०.००१७ फोनॉन असतात. सिलिकॉनमधील तत्सम कंपनासाठी हाच आकडा सुमारे ०.०९, म्हणजे पन्नासपटींहून अधिक येतो. दुसऱ्या शब्दांत, सिलिकॉनची ११७ केल्व्हिनला जी अवस्था, तीच हिऱ्याची खोलीच्या तापमानाला. हिरा १००० केल्व्हिनपर्यंत तापविला, तेव्हा कोठे ही संख्या ०.१७ पर्यंत चढते.

यावरून एक उपयुक्त सूत्र हाती येते. खोलीच्या तापमानापर्यंत शुद्ध जालकाचे गुणधर्म फारसे हलणार नाहीत. याउलट, थोड्याशा तापमानबदलाने जे गुणधर्म ठळकपणे बदलतात, त्यांचे मूळ बहुधा कमी ऊर्जेच्या एखाद्या स्थानिक घटनेत शोधावे लागेल. असे मूळ बहुतेक वेळा पाहुण्या अणूपाशी सापडते.

शुद्ध जालक : शोषणसीमा व प्रणमनांक

शुद्ध हिऱ्यातील निषिद्ध ऊर्जापट्टाची रुंदी खोलीच्या तापमानाला ५.४७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यामुळे दृश्य प्रकाशातील कोणताही फोटॉन तेथे शोषला जात नाही व स्फटिक रंगहीन दिसतो. तथापि ही सीमा उभ्या भिंतीसारखी नाही. हिऱ्याचा ऊर्जापट्ट अप्रत्यक्ष स्वरूपाचा असल्याने, इलेक्ट्रॉनला वरच्या पट्टात जाताना संवेगाचा फरक भरून काढण्यासाठी एखादा फोनॉन सोडावा किंवा शोषावा लागतो. या कार्यात प्रामुख्याने ०.०८७, ०.१४१ व ०.१६३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे तीन फोनॉन भाग घेतात.

निम्न तापमानाला शोषण्यासाठी फोनॉन उपलब्धच नसतात, म्हणून केवळ फोनॉन सोडण्याचा मार्ग उरतो आणि शोषणाला पायऱ्यापायऱ्यांनी आरंभ होतो. तापमान वाढू लागले, की सर्वांत कमी ऊर्जेचा फोनॉन प्रथम उपलब्ध होतो. त्याची सरासरी संख्या ३०० केल्व्हिनला ०.०३६, तर ६०० केल्व्हिनला ०.२३ होते. सीमेच्या दीर्घ तरंगलांबीच्या बाजूला एक शेपूट फुटते व ते तापमानाबरोबर उंचावत जाते. क्लार्क, डीन व हॅरिस यांनी १९६४ मध्ये ही शोषणसीमा निरनिराळ्या तापमानांना मोजून तिच्या पायऱ्यांचा उलगडा केला. त्यातून निषिद्ध पट्टाचे अप्रत्यक्ष स्वरूप व सहभागी फोनॉनांची ऊर्जा या दोन्ही गोष्टी एकाच मापनमालिकेतून हाती आल्या.

तापमान वाढले, की निषिद्ध पट्टही किंचित अरुंद होतो. याचा एक परिणाम प्रणमनांकावर दिसतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी हिऱ्याचा प्रणमनांक २.४१७ असून दर अंशामागे तो सुमारे एक लक्षांशाने वाढतो. म्हणजे १०० अंशांच्या वाढीने २.४१७ चे २.४१८ होतात. तापल्याने पदार्थ प्रसरण पावून विरळ होतो, तेव्हा प्रणमनांक घटावा असे वाटते. परंतु हिऱ्याचे प्रसरण इतके अल्प आहे, की ऊर्जापट्ट अरुंद होण्याचा विरुद्ध परिणाम त्यावर मात करतो. हिऱ्याच्या या वर्तनाचा अभ्यास जी. एन. रामचंद्रन यांनी बंगलोर येथे करून १९४७ मध्ये प्रसिद्ध केला होता.

निरपेक्ष शून्य तापमानाला तरी जालक निश्चल होते काय? पुंजयामिकीनुसार तेथेही शून्य-बिंदू कंपन शिल्लक राहते, आणि ते थंड करून काढून टाकता येत नाही. मात्र अणूचे वस्तुमान बदलले, तर त्याचा विस्तार बदलतो. कृत्रिम हिऱ्यामुळे हा प्रयोग शक्य झाला. कार्बन-१३ या जड समस्थानिकाच्या कृत्रिम हिऱ्यांवर कॉलिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केलेल्या मापनात निषिद्ध पट्ट नेहमीच्या हिऱ्यापेक्षा ०.०१३६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने अधिक रुंद आढळला. रासायनिक बंध तेच, रचना तीच. फरक एवढाच, की जड अणू कमी थरथरतो. तापमानाचा परिणाम शून्य अंशाला संपत नाही व शून्य-बिंदू कंपनही ऊर्जापट्टाला अरुंद करीत असते, याचे इतके स्वच्छ प्रत्यंतर नैसर्गिक हिऱ्यातून मिळणे शक्य नव्हते.

रामन रेषा : अंतर्गत तापमापक

शुद्ध हिऱ्यात १३३२ या वारंवारतेचे कंपन सममितीमुळे अवरक्त प्रकाशाशी थेट संवाद करू शकत नाही, कारण त्यात विद्युत्-द्विध्रुव निर्माण होत नाही. म्हणून ८ मायक्रॉनच्या पट्ट्यात एकाकी फोनॉनचे शोषण शुद्ध हिऱ्यात नसते, मात्र प्रकाशाच्या रामन प्रकीर्णनात तेच कंपन अत्यंत तीव्रतेने प्रकट होते. आर. एस. कृष्णन यांनी १९४६ मध्ये या रेषेच्या वारंवारतेत तापमानाने होणारा बदल मोजला. द्रवरूप हवेच्या तापमानापासून खोलीच्या तापमानापर्यंत तो अर्ध्या एककाहूनही कमी असतो, तर १००० केल्व्हिनला रेषा सुमारे १३१५ पर्यंत खाली येते. वर काढलेल्या हिशोबाशी हे सुसंगत आहे, कारण फोनॉनांची संख्या वाढल्याशिवाय त्यांचा परस्परांवरील परिणाम दिसणार नाही.

याशिवाय मूळ प्रकाशाहून अधिक वारंवारतेच्या बाजूला उमटणाऱ्या प्रति-स्टोक्स रेषेची तीव्रता थेट फोनॉनांच्या संख्येवर अवलंबून असते. दोन्ही रेषांच्या तीव्रतांचे गुणोत्तर घेतले, की हिऱ्याचे स्वतःचे तापमान कळते. प्रयोगशाळेत हे फार उपयोगी पडते, कारण तापमापक ज्या धातूच्या ठोकळ्यात बसविलेला असतो त्याचे तापमान व प्रकाशझोताखालील हिऱ्याचे तापमान एकच असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे असते.

पाहुणे अणू : नायट्रोजन व बोरॉन

कायझर व बाँड यांनी १९५९ मध्ये पहिल्या प्रकारच्या हिऱ्यांत नायट्रोजन मोठ्या प्रमाणात असल्याचे व ७.८ मायक्रॉनचे शोषण त्याच्या प्रमाणाशी निगडित असल्याचे दाखविले. येथे बंगलोरच्या वादाचे उत्तर दिसू लागले. परका अणू शिरला, की त्याच्या परिसरात सममिती भंग पावते व निषिद्ध असलेले एकाकी फोनॉनचे शोषण शक्य होते. त्यासाठी संपूर्ण स्फटिकाची रचना वेगळी मानण्याची गरज उरत नाही.

कृत्रिम हिऱ्याने या उत्तरात महत्त्वाची भर घातली. त्यातील नायट्रोजन एकेकटा, कार्बनच्या जागी बसलेला असतो. त्याच्या अवरक्त शोषणाचे शिखर ११३० प्रति सेंटिमीटरला असते, नैसर्गिक हिऱ्यातल्याप्रमाणे १२८२ ला नव्हे. असा एकाकी नायट्रोजन १.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोलीवरील दाता असतो. तो निळा व जांभळा प्रकाश शोषतो, म्हणून हिरा पिवळा दिसतो. ही खोली खोलीतापमानाच्या उष्णीय ऊर्जेच्या सुमारे ६६ पट असल्याने, द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडविले तरी किंवा पाण्याच्या उत्कलनबिंदूपर्यंत तापविले तरी रंगात लक्षणीय फरक पडत नाही.

बोरॉनची गोष्ट वेगळी आहे. तो ग्राही असून त्याची खोली ०.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे उष्णीय ऊर्जेच्या केवळ १४ पट आहे. खोलीच्या तापमानाला थोडे बोरॉन अणू आयनित होऊन हिऱ्यात विद्युत्-वहन होऊ लागते. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला ते जवळजवळ थांबते. तापवीत नेल्यास आयनित अणूंचे प्रमाण वाढते आणि अनायनित बोरॉनच्या अवरक्त शोषणरेषा त्या प्रमाणात क्षीण होतात. या शोषणाची शेपटी दृश्य वर्णपटाच्या तांबड्या टोकापर्यंत पोचते, म्हणून असा हिरा निळा दिसतो.

नैसर्गिक निळ्या हिऱ्यातील हा ग्राही अणू अ‍ॅल्युमिनियमचा आहे, असा समज अनेक वर्षे प्रचलित होता व तो प्रतिष्ठित नियतकालिकांतूनही छापला जात असे. कॉलिन्स व विल्यम्स यांनी १९७१ मध्ये तो बोरॉनच असल्याचे दाखवून हा समज दूर केला. मुद्दाम बोरॉन घालून केलेल्या कृत्रिम हिऱ्याचा वर्णपट नैसर्गिक निळ्या हिऱ्याच्या वर्णपटाशी जुळत होता. वर्णपटाच्या मोजणीत चूक नव्हती. अणूच्या नावाबद्दलचे अनुमान चुकले होते, आणि ते तपासण्यासाठी घटक ठाऊक असलेला नमुनाच हवा होता.

रंगकेंद्रे : निम्न तापमानाची सूक्ष्म दृष्टी

हिऱ्यातील अणूची रिकामी जागा व तिच्या शेजारचा पाहुणा अणू मिळून जे केंद्र बनते, ते प्रकाश शोषून पुन्हा दीप्ती देते. या दीप्तीचे दोन भाग पडतात. फोनॉन न सोडता दिलेला प्रकाश एका अरुंद रेषेत एकवटतो, तर फोनॉनासह दिलेला प्रकाश तिच्या दीर्घ तरंगलांबीच्या बाजूला रुंद पट्ट्यात पसरतो. थंड केल्यावर रेषा अरुंद व उंच होते. तापविल्यावर ती रुंदावते, दीर्घ तरंगलांबीकडे सरकते आणि पट्ट्यात विरून जाते.

नायट्रोजन व रिकामी जागा यांच्या ऋणभारित केंद्राची अशी रेषा ६३७ नॅनोमीटरला असते. निम्न तापमानालाही एकूण दीप्तीपैकी शेकडा तीन-चारच भाग त्या रेषेत असतो. बाष्पनिक्षेपाच्या हिऱ्यांत सिलिकॉन सहज शिरतो. त्याच्या केंद्राची रेषा ७३७ नॅनोमीटरच्या आसपास असून तिच्यात शेकडा सुमारे ७० भाग एकवटतो. खोलीच्या तापमानाला ती एकच भासते. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला ७३६.६ व ७३६.९ अशा दोन रेषा वेगळ्या होतात. द्रवरूप हीलियमच्या तापमानाला चार दिसतात. यामागील ऊर्जापातळ्यांपैकी खालच्या दोघींतील अंतर सुमारे ४८ अब्ज आवर्तनांचे, म्हणजे तापमानाच्या भाषेत केवळ २.३ केल्व्हिनइतके आहे. या केंद्राची पुंजावस्था दीर्घकाळ टिकवावयाची असेल, तर केल्व्हिनच्या एका अंशाहूनही खाली उतरावे लागते, याचे कारण या आकड्यातच आहे.

नायट्रोजन-केंद्राला मात्र खोलीच्या तापमानालाही पुंजावस्था जपता येते. त्याच्या परिवलन-पातळ्यांतील २.८७ अब्ज आवर्तनांचे अंतर दर अंशाला सुमारे ७४ हजार आवर्तनांनी घटते व ते प्रकाशाच्या साहाय्याने वाचता येते. या तत्त्वावर सूक्ष्म हिरेकण जिवंत पेशीत ठेवून तेथील तापमान मोजण्याचा प्रयोग हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला.

तापमानाचा दुसरा अर्थ

आतापर्यंत ज्या बदलांचा विचार केला ते सर्व उलटणारे आहेत, म्हणजे हिरा पूर्वीच्या तापमानाला आणला की गुणधर्मही पूर्ववत होतात. पण हिऱ्याने पूर्वी किती उष्णता किती काळ सोसली, याच्या खुणाही वर्णपटात राहतात आणि त्या पुसल्या जात नाहीत. रिकाम्या जागा ६०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जालकात हिंडू लागतात व नायट्रोजनपाशी अडकून नवी केंद्रे बनवितात. नायट्रोजनचे अणू हलण्यास त्याहून कितीतरी अधिक उष्णता लागते. क्रेंको, टफ्ट व स्ट्राँग यांनी १९७७ मध्ये पिवळे कृत्रिम हिरे उच्च दाबाखाली अतितप्त केले, तेव्हा एकाकी नायट्रोजन जोडीने एकत्र येऊन १२८२ चे शोषण प्रकट झाले. ज्या शोषणावरून पूर्वी निराळ्या स्फटिकरचनेची कल्पना केली गेली होती, तेच आता प्रयोगशाळेत हेतुपुरस्सर निर्माण झाले. पृथ्वीच्या प्रावरणात कोट्यवधी वर्षे तप्त राहिलेल्या नैसर्गिक हिऱ्यांत हेच काम सावकाश झालेले असते, म्हणून बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत एकाकी नायट्रोजन अल्प सापडतो.

या ज्ञानाला व्यावहारिक बाजूही आहे. सुरत आज कृत्रिम हिऱ्यांच्या निर्मितीचे मोठे केंद्र आहे व मुंबईच्या हिरेबाजारात नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही हिऱ्यांची उलाढाल होते. रंगहीन हिरा नुसत्या डोळ्यांनी, किंबहुना भिंगानेही, ओळखता येत नाही, कारण दोहोंचा जालक एकच आहे. फरक पाहुण्या अणूंत व त्यांच्या उष्णतेच्या इतिहासात असतो. म्हणून परीक्षक हिरा द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड करून त्याची दीप्ती तपासतात. सिलिकॉनची जोडरेषा बाष्पनिक्षेपाकडे, तर ८८३ व ८८४ नॅनोमीटरची निकेलची जोडरेषा उच्चदाबाच्या रीतीकडे निर्देश करते. तथापि सिलिकॉनचे केंद्र क्वचित नैसर्गिक हिऱ्यातही आढळले आहे. त्यामुळे एकाच रेषेवरून निर्णय देणे अशास्त्रीय ठरते, आणि नायट्रोजनची अवस्था, वाढीचे थर व इतर रेषा यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

समारोप

हिऱ्याच्या शोषणसीमेची, प्रणमनांकाची व रामन रेषेची तापमानावरील प्रतिक्रिया मंद असते, कारण त्याचे फोनॉन मोठ्या ऊर्जेचे असतात. बोरॉनचे शोषण व रंगकेंद्रांच्या रेषा यांची प्रतिक्रिया जलद असते, कारण तेथे लहान ऊर्जांचा खेळ चालतो. नायट्रोजनचा पिवळा रंग या दोहोंच्या मध्ये न बसता जालकासारखाच स्थिर राहतो. यावरून हेही लक्षात येते, की केवळ तापमानाच्या प्रयोगाने पाहुणा अणू नेहमीच ओळखू येत नाही, त्यासाठी घटकांवरचा ताबा लागतो. बंगलोरच्या प्रयोगशाळेतील छायापट्टिकांवरील नोंदी अचूक होत्या आणि त्या आजही उपयोगी आहेत. त्यांच्या अर्थाचा निर्णय मात्र, हवा तो अणू घालून व नको तो वगळून हिरा घडविता येऊ लागला, तेव्हाच होऊ शकला.